गुरुपालट

डोंबिवलीच्या त्र्यंबक देवस्थळीला आयुष्यात एकच हौस होती, नावाआधी 'डॉक्टर' लावायची. पीएच.डी.ला विषय घेतला तोही जगावेगळा: गुरूसारखे अगडबंब ग्रह जन्मतात कसे. कोवळ्या ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची तबकडी फिरते, तिच्यात दूर गारठ्यात बर्फाचा गोळा वाढतो आणि वायू गिळून लठ्ठ होतो. इथवर सगळं सुरळीत होतं.

सत्त्याऐंशी साली गणिताने दगा दिला. ग्रह आणि तबकडीतला वायू यांची ओढाताण मांडली की ग्रह आपला ताऱ्याकडे सरकायला लागायचा. कितीही वेळा मांडा, तेच. त्र्यंबकने कागद उचलले आणि टेंभी नाक्यावर मार्गदर्शक विश्रामसरांचं घर गाठलं. सर ते चाळून हसले.

"गुरू घर बदलतो म्हणतोस? अरे, हा तर गुरुपालट. पंचांगवाल्याला नेऊन दे."

फिजिक्सच्या माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल, ज्योतिषी नाही. त्यात दर गुरुपालटाला आई चण्याची डाळ दान करायची आणि त्र्यंबक तिची टर उडवायचा. तो शरमेने अर्धा झाला. गणितात चूक आहे असं त्याने धरून टाकलं आणि ती शोधत बसला. चूक सापडेना. नोंदणी रद्द झाली, सर वारले, आणि हा बारावीच्या शिकवण्या घेऊ लागला.

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात पेपरात कोपऱ्यात बातमी आली. दूरच्या एका ताऱ्याला खेटून गुरूच्या जातीचा ग्रह सापडला होता, चार दिवसांत फेरी मारणारा. इतक्या धगीत तो जन्मणं कठीण, लांबूनच सरकत आला असणार. त्र्यंबक मुंबईच्या एका ग्रंथालयात जाऊन जुनी नियतकालिकं धुंडाळून आला. हेच गणित परदेशात कधीच छापून झालं होतं. तिथे ते मांडणाऱ्यांना कुणी पंचांग दाखवलं नव्हतं.

घरी येऊन त्याने सरोजला सगळं सांगितलं. नवऱ्याची ती चूक तिने लग्नापासून सवतीसारखी सोसली होती.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो."

तिचे डोळे भरून आले. देवापुढे साखर ठेवून ती रवा भाजायला घेणार, तेवढ्यात त्र्यंबकने तिचा हात धरला.

"शिरा नको करूस, सरोज. चूक होती ना, तोवर माझं काही गेलं नव्हतं गं."