जावयाची कंपनी, सासूची विहीर

धोंड्याच्या महिन्यात जावयाला देवाचा मान. सासूनं तोंड मिटायचं अन् तुपाची वाटी उघडायची. चांगुणाला तूप वाढायला कधीच जड गेलं नाही. तोंड मिटायचं म्हटलं की मात्र तिच्या जिवावर यायचं. त्यात यंदा जावई ताटावर आला तो कंपनीची गाडी दारात घेऊनच.

जावई रविराज शहरात, सावेडीला राहायचा. जमिनीच्या पोटात तेल-गॅस आहे का ते धुंडाळणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्यानंच सासऱ्याला, म्हणजे सहादेवाला, गळ घातली अन् कर्जतच्या अलीकडं त्यांच्या लिंबोणीच्या बागेला खेटून कंपनीनं खोल बोअर पाडलं. घरच्या जावयाचा शब्द, म्हणून चांगुणानं कागदावर सही केली. लिहिण्यातलं तेवढंच तिला येत होतं.

आज त्या बोअरात तारेला बांधलेली लांबलचक लोखंडी कांब सोडायची होती.

"मामी, ही कांब खडकात करंट सोडते," सकाळी रविराजनं सासूला समजावलं. "कोरडा पाषाण करंट अडवतो, पाण्यानं भिजलेला जाऊ देतो. पार खाली तेल-गॅस असेल तर परत अडतो. कुठं किती अडला ते वर स्क्रीनवर उमटतं. फक्त बोअर पाण्यानं भरलेलं पाहिजे, नाहीतर करंट खडकापर्यंत पोचत नाही."

भरायला पाणी कुणाचं? चांगुणाच्याच विहिरीचं. मे महिन्याचं ऊन, विहिरीनं तळ दाखवलेला, लिंबोणी पानं गाळायला लागलेली. तरी तिनं मोटर चालू करून दिली. मागं घेतलेल्या दोन्ही बोअरांत नुसता फुफाटा उडाला होता. आता खडक कुठं भिजलाय ते कळणार होतं. ते कळलं तर बाग वाचणार होती.

दुपारपर्यंत कांब बोअरात जाऊन वर आली अन् घरात ताट वाढलं. धोंडे, तूप, आमटी, कुरडई. रविराजनं पहिला घास घेतला अन् चांगुणानं विचारलं,

"जावईबापू, पानी कितीवर हाय?"

"ते सांगता येत नाही, मामी. डेटा कंपनीचा असतो. गोपनीय."

"कुनाचा?"

"कंपनीचा."

"आन् जिमीन कुनाची? बोअरात वतलेलं पानी कुनाचं? तुमचं त्ये लोखंडी मुसळ तेवढं कंपनीचं. कळा मी सोसायच्या आन् पोराचं त्वांड मलाच दाखवायचं न्हाई व्हय?"

"अगं, धोंड्याचं ताट हाय," सहादेव पुटपुटला. "जेवू दे त्यांला."

"जेवू द्या की. म्या काय हात धरलाय?"

"आई, त्यांच्या नोकरीचा प्रश्न हाय," लेक सुकन्या म्हणाली.

"आन् माजी बाग काय हौसंची हाय?" चांगुणा परत जावयाकडं वळली. "बरं, त्या पान्याचं कंपनी करनार काय? घिऊन जानार?"

रविराजला वाटलं, आता हिला गार करता येईल. तो हसून म्हणाला, "छे हो मामी! कंपनीला पाणी घेऊन काय करायचंय? उलट पाण्याचा थर आम्हाला अडचणीचाच. पाईप घालून सिमेंटनं बंद करून टाकतो."

चांगुणाच्या हातातली पळी वरच्या वर राहिली.

"म्हंजी तुमाला नगं. तरी मला सांगायचं न्हाई. वरनं गाडून टाकायचं. जावईबापू, शिळी भाकर टाकताना बी बाई कुत्र्याला हाक मारती. मी काय त्याच्याबी खाली गेले?"

रविराजच्या घशात पुरण अडकलं. त्यानं ठसका देत तांब्या उचलला. रिकामा.

"मामी, पाणी..."

"हाय की पानी. कुठं हाय ते मातर गोपनीय."

सहादेवानं हसू दाबायला कुरडई तोंडात कोंबली. सुकन्या उठायला लागली, पण चांगुणा तिच्या आधी उठली. माठातून तांब्या भरून तिनं जावयाच्या पुढ्यात दणकन ठेवला.

"प्या. तहानेल्याला तंगवायची रीत माज्या घरात न्हाई. तुमच्या कंपनीत आसंल."

रविराज पाणी प्यायला. मग खाली मान घालून मोबाईल घेऊन अंगणात गेला. साहेबांना फोन लागला, दोन शब्द झाले अन् तो परत आला. कान लालबुंद.

"साहेब म्हणतात, सांग की. पाण्याच्या थराचं कोण गुपित ठेवतंय." तो परत ताटावर बसला. "दोनशे साठ फुटांपासून चांगला ओला खडक आहे, मामी. थर आडवा पसरलाय. बागेच्या वरच्या अंगाला बोअर घेतलं तरी लागायला हवा."

"दोनशे साठ!" सहादेव उठून उभाच राहिला. "आपन दोन्ही बोअरं दोनशेवर थांबवली हुती."

सुकन्याला वाटलं, आता आई हसेल. चांगुणा हसली नाही.

"म्हंजी गुपित नव्हतंच," ती जावयाला म्हणाली. "नुसतं इचारायचं हुतं. आन् तेवढं इचारायला तुमाला घरच्या बाईचा आवाज चढंस्तवर धीर झाला न्हाई. मी बोलले नसते तर उद्या शिमिट वतून मोकळे झाला आसता आन् दिवाळीला हितंच फराळाला आला आसता. खरं का न्हाई?"

खरंच होतं ते.

चांगुणानं त्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला, कारण ताट अर्धं टाकून उठलेला जावई तिला परवडणारा नव्हता. मग नवऱ्याकडं वळली.

"अवो, बोअरगाडीवाल्याला फोन लावा. आन् ह्यांच्या शिमिटात कालवायला पानी लागंल, त्यो टँकर सावेडीवरनं येऊ द्या. माज्या हिरीचा थेंब बी मिळायचा न्हाई."