तपासायचं राहिलेलं घर

सकाळी गॅस पेटवण्याआधी शुभांगीचे एक काम ठरलेले असे : सासऱ्यांचे हात धुऊन देणे. रंभाजी मोरीपाशी बसून मुकाट्याने हात पुढे करीत आणि ती साबण लावून त्यांची बोटे चोळून काढी. नखांच्या कडेला बसलेला गेरू सहज निघत नाही. त्यासाठी तिने दात घासायचा एक जुना ब्रश ठेवला होता. तांबडे पाणी वाहून जाईपर्यंत तिचे लक्ष दाराकडे असे. तेवढ्यात शेजारचे कोणी आले तर?

गाव जामखेडच्या पूर्वेला, कोरडवाहू भागातले. उन्हाळा तापू लागला तशा तिथल्या भिंतींवर खुणा उमटू लागल्या होत्या. दाराच्या उजव्या अंगाला गेरूने काढलेले वर्तुळ, त्यात बरोबरची खूण आणि खाली तारीख, २३/४. वर्ष नाही, नाव नाही. आज दोन घरांवर, उद्या आणखी काही घरांवर. झोपताना भिंत कोरी असे आणि उजाडताना खूण हजर. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती, आणि लोकांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती.

"चोरांची खून हाय ती," दूध डेअरीवाला छगन सांगायचा. "कुठल्या घरात काय हाय ते बघून ठेवत्यात. तेवीस तारखेला येनार, लिहून ठेवा."

"चोर काय तारीख देऊन येतो व्हय रं?" कोणीतरी विचारी.

"मग करनी असंल. ते तर त्याहून वंगाळ!"

फोटो मोबाईलवरून गावोगाव फिरले. दारांना लिंबू-मिरच्या लागल्या. काहींनी खुणेवर चुना फासला, पण चुना वाळला की तांबडे वर्तुळ खालून पुन्हा अंधुक दिसू लागे. मग तर ग्रामपंचायतीत तक्रारच गेली.

अशात एका दुपारी मोटारसायकलवर चादरी विकणारा एक परका माणूस गावात आला. त्याच्या पिशवीत लाल खडू सापडला, गठ्ठ्यांवर भाव लिहायचा. तेवढे पुरले. लोकांनी त्याला डेअरीसमोर धरून मारले, चादरी धुळीत फेकल्या. "भाऊ, मी इथं पहिल्यांदाच आलोय," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शुभांगी ओट्यावरून पाहत होती. खुणा कोणाच्या हे अख्ख्या गावात तिला एकटीला ठाऊक होते. ती काही बोलली नाही. त्या माणसाचा काच फुटलेला चष्मा मातीत पडला होता. पुढे कितीतरी दिवस भाकरी थापताना, दळण पाखडताना तो चष्मा तिच्याकडे बघत राही.

ती का बोलली नाही? कारण त्या घरात न बोलण्याची सवय जुनी होती.

रंभाजी आरोग्य खात्यात सेवक होते. दहा-बारा वाड्यांवर घरोघर फिरून ताप तपासायचा, हे त्यांचे काम. ऐन चाळिशीत त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. कोणीतरी आपल्या मागावर आहे असे वाटून ते गोठ्यात लपून बसत. बायको छबूबाई त्यांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांवर रंभाजींनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. गावाला पत्ता लागला नाही. दर महिन्याला छबूबाई नगरला जाई आणि एसटीत कोणी विचारले तर म्हणे, "गुडघ्याच्या गोळ्या आनायला चालले."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत छबूबाई गेली. मुलगा अमृत नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. त्याने काही महिने गोळ्या आणल्या. जामखेडला मिळाल्या असत्या, पण तिथले मेडिकल त्याच्या मामेभावाचे. पाकिटावरचे नाव वाचून त्याला कळले असते. मग एक महिना चुकला, दुसरा चुकला. "दादा आता बरेच हायेत की," अमृत म्हणाला, आणि शुभांगीलाही ते सोयीचे वाटले.

काही महिने खरोखरच काही झाले नाही. मग दिवेलागणीला रंभाजी भिंतीशी बोलू लागले. एक वाक्य बोलत, थांबून ऐकत आणि मग उत्तर देत. "छबू, आज वरच्या आळीतली घरं झाली गं." आठवडाभर अमृत नागापूरला असे. घरात ती दोघेच. कणीक मळताना शुभांगीचे हात थांबत. आपण आणखी थोडे शांत राहिलो तर पलीकडचे बोलणे आपल्यालाही ऐकू येईल, असे तिला वाटे आणि ती घाईघाईने भांडी वाजवू लागे. ती खोलीला बाहेरून कडी लावी. तरी पहाटे खोलीच्या गोठ्याकडच्या दाराने ते निघून जात. कुत्री त्यांना ओळखत होती.

शेवटी छगननेच त्यांना पकडले. पहाटे डेअरी उघडायला निघाला, तर त्याच्याच भिंतीपाशी एक वाकलेली आकृती. त्याने हात पिरगाळला आणि ओरडला, "आरं, हा तर रंभाजीतात्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाजींच्या घरावर काळ्या ऑइलपेंटने हातभर उंचीची अक्षरे होती : वेड्याचे घर. सावधान.

गेरूच्या खुणांची तक्रार घेऊन पंचायतीत गेलेल्यांपैकी एकानेही या अक्षरांची तक्रार केली नाही.

अमृत रजा टाकून आला. डेअरीसमोर माणसे जमली. दूरच्या एका देवाच्या ठाण्याचे नाव निघाले. तिथे अशा माणसांना साखळीने बांधतात, दर अमावास्येला उतारा करतात, आणि सहा महिन्यांत माणूस गप्प होतो, असे सांगणारे बरेच निघाले.

"गप म्हंजे बरा व्हय?" अमृतने विचारले.

"आता तू सवाल नको करू," छगन म्हणाला. "तुझ्यापायी समदं गाव जागं ऱ्हातंय."

अमृतने मान खाली घातली आणि जीप ठरवली. दिवस नेमका तेवीस एप्रिलचा आला.

त्या सकाळी रंभाजींच्या दारात निम्मे गाव उभे होते. काही निरोप द्यायला आले होते आणि काही त्या तारखेला काय घडते ते बघायला. रंभाजी जीपमध्ये मागे बसले होते. अंगात धुतलेला सदरा, मांडीवर कपड्यांची पिशवी. कोणालाच ऐकू न येणारे काहीतरी ते मान तिरकी करून ऐकत होते.

तेवढ्यात एसटीतून उतरून एक ठेंगणी म्हातारी गर्दीत घुसली. मालनबाई, रंभाजींच्याच उपकेंद्रावरच्या निवृत्त सिस्टर. आता त्या मुलाकडे जामखेडला राहत. नातवाच्या मोबाईलवर त्यांनी त्या खुणेचा फोटो पाहिला होता.

"कुठं निघाली वरात?"

"सिस्टर, तात्याला ठान्यावर न्यायचंय," छगन म्हणाला. "डोकं फिरलंय त्यांचं."

"आन तुला शुगर निघाली तवा तुला न्हाई नेलं ते ठान्यावर? साखळीनं बांधला असता तर पेढे तरी सुटले असते तुझे."

कोणीतरी हसले. मालनबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या घराच्या भिंतीवरच्या वर्तुळावर बोट ठेवले.

"ही खून वळखत न्हाई तुमी? तुमच्या मातीच्या भिंती पडल्या, स्लॅबची घरं झाली, म्हनून इसरलात? ताप बघायला दारोदार फिरायचा हा मानूस. घर तपासलं, ताप न्हाई, तर वर्तुळात बरोबरची खून. ताप असला तर फुली. फुली म्हंजे काय? हितं परत यायचं, औषध द्यायचं. छगन, तू पाळन्यात हुतास तवा तुमच्या दारावर फुली हुती. पूर आलेला वढा उतरून रोज यायचा हा, तुला औषध पाजायला. ईचार तुझ्या आईला!"

छगनची आई गर्दीतच होती. तिने डोळ्यांना पदर लावला.

"आरं, तुमाला करनी वाटली ती!" मालनबाईंचा आवाज चढला. "तुमच्या समद्यांच्या दारावर त्यानं काय लिहिलंय? तुमी बरे हायेत, येवढंच लिहिलंय! आन तुमी त्याच्या दारावर काय लिहिलं?"

माणसे त्या काळ्या अक्षरांकडे बघू लागली. मग मागून एकाने दबक्या आवाजात विचारले, "आन तारीख कशाची?"

"आईला ताप आला ती तारीख हाय," अमृत म्हणाला. "तिनं सांगितलंच न्हाई. अंग दुखतंय म्हनाली. घरात कोरोना निघाला म्हनत्याल, दारावर पत्रं ठोकत्याल, म्हनून ताप अंगावर काढला. आमाला कळलं तवा श्वास लागला हुता."

शुभांगीने घराकडे पाहिले. छबूबाईने नवऱ्याचा आजार लपवला आणि त्याच सवयीने स्वतःचा तापही. आपण ब्रशने गेरू घासत आलो. गावातल्या प्रत्येक दाराशी वर्तुळ होते. त्यांच्या स्वतःच्या दाराशी मात्र नव्हते. तिथे फक्त ती काळी अक्षरे होती. हजारो कपाळांवर हात ठेवलेल्या त्या माणसाने स्वतःच्या घरातल्या कपाळावर वेळेत हात ठेवला नव्हता, आणि तो अजून गावभर त्या एका दिवसातच हिंडत होता!

"थांबा!" ती म्हणाली. "जीप ठान्यावर जानार न्हाई."

"शुभांगी, तू आत जा," अमृत म्हणाला.

"न्हाई. आत, आत करूनच हितवर आलोय आपन." ती गर्दीकडे वळली. "खुना मामाच काढत्यात हे मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हुतं. मी रोज त्यांचं हात धूत हुते. त्या चादरीवाल्याला मारलं तवाबी मी हितं ओट्यावर उभी हुते. तुमी खुनांना भ्यालात. मी तुमाला भ्याले."

मालनबाई अमृतकडे वळल्या. रंभाजींच्या गोळ्यांचे त्यांना नोकरीच्या दिवसांपासून ठाऊक होते. "गोळ्या कुनी बंद केल्या?"

"मीच. बरे वाटत हुते म्हनून."

"गोळ्यांनी बरे हुते, म्हनून बरे वाटत हुते! लेकरा, हाडाचा आजार असतो तसा मेंदूचा असतो. त्यात कुनाचं पाप न्हाई, कुनाची करनी न्हाई. ठान्यावर साखळी मिळंल, गोळी न्हाई मिळनार. आन जन्मभर समद्यांना तपासनारा मानूस, त्याला तपासायला गावात कुनाचा हात पुढं यीना?"

शुभांगी जीपपाशी गेली. "मामा," ती म्हणाली, "आमचं घर तपासायचं ऱ्हायलंय."

रंभाजींची तिरकी मान सरळ झाली. ते खाली उतरले. पिशवी सीटवरच राहिली. दाराशी येऊन त्यांनी शुभांगीच्या कपाळावर हाताची मागची बाजू ठेवली, सवयीने, अगदी हलकेच. मग अमृतच्या. अमृत मान वाकवून उभा राहिला.

"ताप न्हाई," रंभाजी म्हणाले आणि वळले.

शुभांगीने त्यांचा हात धरला आणि तो त्यांच्याच कपाळावर टेकवला. "हा एक मानूस ऱ्हायला की, मामा."

हात कपाळावर तसाच ठेवून रंभाजी बराच वेळ उभे राहिले.

"हा आजारी हाय," शेवटी ते म्हणाले. "लई दिवसापासनं हाय."

त्यांनी खिशातून गेरूचा खडा काढला आणि स्वतःच्या दाराशी, त्या काळ्या अक्षरांच्या खाली, वर्तुळ काढले. त्यात फुली मारली. खाली तारीख लिहिली, आणि या वेळी तिच्यापुढे वर्षही लिहिले, चालू वर्ष.

जीप नगरच्या सरकारी दवाखान्याकडे गेली. मालनबाई पुढे बसल्या, आणि छगनही मागे चढला.

औषधाने जादू झाली नाही. पहिले काही आठवडे कठीण गेले. मग रंभाजी जेवू लागले, झोपू लागले. भिंतीशी बोलणे कमी झाले. पूर्ण थांबले असे मात्र शुभांगी कोणाला खोटे सांगत नाही. कधी दिवेलागणीला ते अजून मध्येच थांबून ऐकतात. तेव्हा ती भांडी वाजवत नाही. जवळ जाऊन विचारते, "काय म्हनत्यात आत्याबाई?" आणि डॉक्टरांना तसे कळवते. गोळ्या ती जामखेडच्या त्याच मेडिकलमधून घेते, चार गिऱ्हाइकांसमोर नाव घेऊन.

काळी अक्षरे छगनने रॉकेल आणि काथ्याने घासून काढली. डाग राहिलाच. दिवाळीला अमृतने भिंतीला रंग दिला, पण दाराजवळची फुली तेवढी वाचवून दिला. चादरीवाला त्या गावात पुन्हा आला नाही. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की शुभांगी अजून ओट्यावर येऊन बघते.

वाचकहो, तुमच्या-माझ्या गल्लीत असे एक तरी दार आहे, बाहेरून कडी लावलेले. आतल्या माणसाला नावे ठेवायला रंगाचा डबा लागत नाही. आपले एखादे कुजबुजलेले वाक्यसुद्धा हातभर उंचीचे अक्षर होते, आणि त्या अक्षराच्या भीतीने आजारी माणसाची गोळी सुटते. मनाचा आजार हा आजार आहे. तो लपवला की वाढतो आणि सांगितला की त्यावर उपचार होतो. एखाद्या घरावर फुली दिसली तर तिथून लांब पळू नका. तिचा अर्थ रंभाजींनी पूर्वीच ठरवून ठेवला आहे : इथे परत यायचे आहे. औषध द्यायचे आहे.