बियाण्याला काय नाक असतं?

बोलतोय मी. इकडेतिकडे बघू नका, खाली बघा. स्टीलच्या ताटलीत ओलं फडकं पसरलंय, त्यावर ओळीनं दाणे मांडलेत. त्यातला कडेचा तो मी. भाताचा दाणा. रंगानं तांबडा, बांध्यानं ठेंगणा, जातीनं जुना. दाणा बोलतो याचं तुम्हाला नवल वाटत असेल तर वाटू द्या. ज्या घराला मी जिवंत आहे याचंच नवल वाटलं, त्या घरातून मी बोलतोय.

जन्म कुडपणचा. पोलादपूरवरून पाहुण्यांच्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये रडत वर येतात, धबधब्याचे फोटो काढून हसत खाली जातात, ते गाव. माझ्या आईनं पावसाळाभर पानांत ऊन धरलं, त्याची साखर केली, साखरेचं पीठ केलं आणि ते माझ्या पोटात ठासून भरलं. मग एका टोकाला एवढासा अंकुर निजवला आणि वरून टरफल लावून घेतलं. तुम्हाला मी तांदूळ दिसतो. खरं तर मी एक निजलेलं बाळ आहे, उशाला जेवणाचा डबा घेऊन. तुम्ही डबा खाता. बाळाची चौकशी कोणी करत नाही.

आमचं घराणं मात्र मोठं. घरधनीण ठकूबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या आईनं आमच्या पूर्वजांची मुडी तिच्या मांडीवर ठेवली होती. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, पेंढ्याच्याच दोरानं करकचून बांधलेलं बियाण्याचं गाठोडं. ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं. धुरानं कीड लागत नाही, आणि पेंढा असा की आतल्याला बाहेरची हवा मिळत राहते. दरवर्षी पेरणीला मुडी सोडायची, कापणीनंतर नवी बांधायची.

मग एका जुलैच्या पावसात डोंगर खाली आला. ठकूबाईच्या माहेरचं शेत दरडीखाली गेलं. तिथं पुन्हा भात पेरलं गेलं नाही. या जातीचे उरलो ते आम्ही, एवढेच, एका माळ्यावर. यावर मी विनोद करणार नाही.

बाकीच्या गोष्टींवर करणार आहे.

ठकूबाईचा मुलगा मंगेश बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथंच खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो, तेव्हा कपड्यांच्या पिशवीसोबत थोडी अक्कलही घेऊन येतो. गेल्या वर्षी उंदरांनी मुडीचा कोपरा कुरतडला. या वर्षी मंगेश भंगारवाल्याकडून निळा ड्रम घेऊन आला. काळं झाकण, झाकणाला रबर, वरून लोखंडी कडी. कडी खटकन बसली की आत मुंगी शिरायची नाही.

"एअरटाइट हाय, आये! कंपनीत सगळं ह्यातच ठेवतात."

कंपनीत त्यात काय ठेवतात आणि ते जिवंत असतं का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

यंदा दिवाळीनंतरही पाऊस हटेना. भारे शेतातच भिजले. कशीबशी झोडणी झाली, आम्हाला अंगणात पसरलं, आणि ऊन कुठे अंगात मुरतंय तोच मंगेशचं लग्न आलं. अंगण एकच. तिथं बियाणं वाळवायचं की मांडव घालायचा? मांडवच जिंकला. आम्ही गोणीत गेलो. आमच्या जागेवर नाचून झालं, जेवणावळी झाल्या, खुर्च्यावाला खुर्च्या मोजून गेला, तरी कोणाला आम्हाला उन्हं दाखवायची आठवण नव्हती. कारण आता मुहूर्त होता. नव्या सुनेच्या हातानं बियाण्याची पहिली ओंजळ पडली की घराला बरकत येते, अशी या घराची रीत. पूर्वी ती मुडीत पडे. यंदा ड्रमात.

सून म्हणजे सारिका. महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली, बोलायला बेताची. लग्नात बायका म्हणाल्या, "सून शांत हाय गो." हे प्रमाणपत्र एकदा मिळालं की ते जन्मभर सांभाळावं लागतं.

तिनं ओंजळ भरली. त्या ओंजळीत मी होतो. तिनं एक दाणा उचलून दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्‌ वाजतो. तो वाजला नाही, चेपला. तिनं हळूच मंगेशकडे बघितलं.

"अहो, हे ओलसर आहे अजून. आणि झाकण इतकं घट्ट लावलं तर ते श्वास कसा घेणार?"

मंगेश आधी तिच्याकडे आणि मग जमलेल्या माणसांकडे बघून म्हणाला, "श्वास? बियाण्याला काय नाक असतं?"

घर हसलं. शेजारचा हैबती तर खांबाला धरून हसला. सासरे महिपतबाबाही मिशीत हसले. सारिकानं ओंजळ सोडली. मी ड्रमाच्या तळाशी जाऊन पडलो, आणि माझ्यावर सगळं घराणं.

आता नाकाचं सांगतो, कारण तुमचा नाकावर फार विश्वास. तुम्हाला वाटतं छाती वरखाली झाली म्हणजे श्वसन झालं. अहो, ती नुसती हमाली. हवा आत आणून टाकायची. खरं काम पुढं, तुमच्या अंगातल्या एकेका पेशीत. पेशी केवढी, तर डोळ्याला न दिसणारी. तिच्यात आणखी बारीक चुली असतात, शास्त्रवाले त्यांना तंतुकणिका म्हणतात. तिथं अन्नातली साखर प्राणवायूच्या मदतीनं जाळतात. भडका उडवून नव्हे, तर मंद आचेवर, पायरी पायरीनं. त्यातून जी ऊर्जा सुटते तिच्या लहान लहान पुड्या बांधतात. या पुड्यांना एटीपी म्हणतात. जिथं काम असेल तिथं पुडी सोडायची. तुमची पापणी लवते तीही अशाच पुड्यांवर आणि मंगेशची जीभ हलते तीही. चुलीतून शेवटी उरतं काय, तर कार्बन डायऑक्साइड, थोडं पाणी आणि ऊब.

या चुली तुमच्यात आहेत, ड्रमावर बसणाऱ्या मांजरात आहेत, आणि माझ्यातही आहेत. फरक इतकाच की मला बढाई मारायची नसते, त्यामुळे माझं कमी इंधनात भागतं. कोरडा असेन तर मी इतका सावकाश श्वसन करतो की एका डब्यावर पेरणीपर्यंत निभावतो. पण मी ओला होतो. ओल म्हणजे आम्हाला उठण्याची हाक. अर्धवट जाग आली, चुली पेटल्या, सगळे एकदम डबे उघडून बसले.

पहिले काही दिवस ते चाललंही, कारण मंगेश रजेवर होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कडी उघडून ड्रम दाखवत होता. "बघा, कडी बघा." तेवढीच आम्हाला हवा. त्याच्या फुशारकीवर आम्ही जगलो, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या श्वसनाची ऊब साचली, वाफ साचली, वाफेनं आणखी ओल, ओलीनं आणखी घाई. ड्रम कोमट झाला. थंडी पडायला लागली होती. मांजरानं चुलीपुढची जागा सोडली आणि ते झाकणावर येऊन झोपायला लागलं.

"बघ, मांजरालाबी कळतं लक्ष्मी कुठं हाय ती," ठकूबाई कौतुकानं म्हणाली.

सारिका येताजाता ड्रमाला हात लावायची. हात तसाच ठेवून उभी राहायची. मग कोणी हाक मारली की जायची.

रजा संपली. मंगेशनं जाताना कडी खटकन लावली आणि बजावलं, "आता पेरणीशिवाय उघडायचा नाय."

आणि हवा संपली.

हवा संपली की दाणा लगेच मरत नाही, हे आमचं दुर्दैव. चुलीला प्राणवायू नसला तरी साखर अर्धीकच्ची मोडता येते. पुड्या मिळतात अगदी मोजक्या, डबा मात्र झपाट्यानं रिकामा होतो. तुम्ही चढ चढून पोटऱ्या धरून बसता ना, तेव्हा तुमच्या पोटऱ्यांत असाच अर्धाकच्चा कारभार झालेला असतो. तुमच्यात आम्ल साचतं. आमच्यात दारू साचते. होय, दारूच. ज्या घरात कोणी थेंबाला शिवत नाही, तिथं सगळं घराणं अंधारात बसून स्वतःच्या नकळत दारू गाळत होतं. माझ्या शेजारचे एकेक गप्प झाले. आधीही ते गप्पच होते. पण गप्प असणं आणि गप्प होणं यातला फरक बाहेरून कळत नाही.

झाकण फुगलं. रबराच्या फटीतून वास सुटला.

ठकूबाईनं पहिल्यांदा चुलीशी बसून नाक ओढलं, मग माजघरात, मग नवऱ्याच्या अंगाशी.

"आवो, खरं सांगा. कुठं ठेवलीव?"

"काय ठेवली?" महिपतबाबा जेवत होते.

"बाटली! घरात नवी सून आलीय, थोडी तरी लाज ठेवा!"

"अगं, माळ हाय माझ्या गळ्यात!"

"माळ गळ्यात, वास घरात!"

महिपतबाबांनी हात धुतला आणि ते अर्ध्या जेवणावरून उठले. आयुष्यात न प्यायलेला माणूस त्या दिवशी पिऊन आल्यासारखा लाल झाला होता. ठकूबाईनं भांड्यांची उतरंड तपासली, लाकडं उलथली, अंथरुणं झटकली. हैबतीला दारातून विचारलं, तर त्यानं मिटक्या मारत सांगितलं, "वयनी, वास चांगल्या मालाचा हाय." म्हणजे भांडण आणखी वाढलं.

सारिका भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला असावा. "बाबांनी काही केलं नाही. वास बियाण्याचा आहे."

"बियाण्याचा? पोरी, सासऱ्याची बाजू घे, पण जरा पटंल असं तरी बोल."

सारिकानं पिठाचे हात पुसले, मांजराला उचलून खाली ठेवलं आणि कडी ओढली. झाकण फस्सकन सुटलं. गरम, आंबूस वाफ ठकूबाईच्या तोंडावर आली. ठकूबाईनं आत हात घातला. बाहेर आलेल्या मुठीत काळवंडलेले, चिकट, एकमेकांना धरून बसलेले दाणे होते.

तिला रागवायला कोणी सापडेना. ती तिथंच बसली. "माझ्या आयेनं मांडीवर ठेवलेलं हाय ते," एवढंच म्हणाली. महिपतबाबा दारात आले होते. त्यांना आता बरोबर ठरल्याचा आनंद घेता येईना.

"श्वास घेत होतं ते, आई," सारिका शेजारी टेकून म्हणाली. "चुलीवर झाकण घातलं आणि फुंकणी मारली नाही तर काय होतं?"

"धूर व्हतो. लाकूड धुमसतं."

"तसंच. आत धुमसत होतं."

ठकूबाईनं मान वर केली. "मंग त्या दिवशी का नाय बोललीस?"

"बोलले होते."

सगळ्यांना हशा आठवला. मांजर परत ड्रमावर चढलं, तर महिपतबाबांनी त्याला हाकललं. कोणावर तरी राग काढणं भाग होतं.

दुपारीच ड्रम अंगणात पालथा झाला. काळे दाणे वेगळे काढले, बरे दिसणारे पातळ पसरले. पण बरा दिसणारा दाणा जिवंतच असतो असं नाही. माणसांत राहून हे मला कळलं होतं. म्हणून सारिकानं त्यातून मूठभर उचलले, ओल्या फडक्यावर मांडले आणि ताटली चुलीच्या उबेला ठेवली. उगवले तर घराणं आहे. नाही तर पुढच्या वर्षी ठकूबाई दुकानातून पिशवी आणणार.

मंगेशचा फोन आला. सगळं ऐकून घेऊन त्यानं विचारलं, "मंग ड्रमाला काय झालं नाय ना?"

ठकूबाईनं फोन सुनेच्या हातात दिला. बोलायचं काम आता तिच्याकडे होतं.

ठकूबाई उठल्यावर पहिली ताटलीशी. चहाच्या आधी ताटलीशी. फडकं उचलायची, बघायची, परत ठेवायची. ओळीत कोणी हललं नाही. मी तळातला, माझ्या डब्यात थोडंसं पीठ उरलेलं. पण आता हवा होती. मी चूल नीट पेटवली. प्राणवायू आत, पुडी बाहेर, पुडी अंकुराच्या तोंडी. आज सकाळी माझं टरफल टोकाशी फाटलं आणि पांढरं टोक बाहेर आलं.

"सारके! ये गो, धाव! ह्यानं नाक काढलान!"

सारिका धावत आली. ठकूबाई एका हातानं ताटली आणि दुसऱ्या हातानं सुनेचं मनगट धरून उभी होती. "लाव मंग्याला फोन. सांग त्याला."

माझ्यामागून दुपारपर्यंत आणखी काही दाण्यांनी टोक काढलं. सगळ्यांनी नाही. पण एका वाफ्यापुरते तरी बाहेर अंगणात जिवंत असतील, असा सारिकाचा हिशेब आहे. त्यांना पुरतं ऊन दाखवून झालं की ठकूबाई तिला मुडी बांधायला शिकवणार आहे. उंदरांसाठी मांजर आहेच. त्याला आता झोपायला ड्रम नाही, काम करावं लागेल.

माझं म्हणाल तर मी त्या मुडीत नसेन. ज्यानं जिवंत असल्याचा पुरावा दिला, त्याला परत निजवता येत नाही. मला उद्या मोरीच्या सांडपाण्याशी, फुटक्या बादलीत लावणार आहेत. थंडीचे दिवस, अवेळी जाग, बादलीचं शेत. लोंबी धरेल का, माहीत नाही. तक्रार नाही. फक्त पुढच्या वेळी कशावर झाकण घालायच्या आधी जरा हात लावून बघा, ऊब असेल तर आत कोणीतरी आहे असं समजा.

मंगेश रविवारी येतोय. सारिका पूर्वीसारखी गप्प बसेल असं त्याला वाटतंय. आल्यावर मला त्यानं आधी परत टरफलात घालून दाखवावं, मग तिला गप्प बसवायला जावं.