काचेवरचा ठिपका

मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे. पिंपळवंडीच्या पुढे एक फाटा लागतो, तिथे नूतनताईंच्या दुकानात अगदी दाराशी मी उभा असतो. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही, मित्रांनो. बटण दाबलं की माझ्या पोटात उजेड येरझाऱ्या घालतो आणि बटण बंद केलं तरी आतली ऊब लवकर जात नाही. त्या उबेत दिवसभराचे कागद आठवत राहतात. हल्ली मला दोन कागद काही केल्या विसरता येत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मोठ्या खोक्यात बसून मी बोटीने आलो, पुण्यातल्या एका कचेरीत बारा वर्षं राबलो, आणि तिथे नवं मशीन आल्यावर एका टेंपोत चढून इकडे उतरलो. तेव्हा माझ्या अंगावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नूतनताईंनी माझ्याविषयी एकच प्रश्न विचारला, तोही मेकॅनिकला: "चालतंय ना?" तो हो म्हणाला. लगेच मला कुंकू लागलं, नारळ फुटला आणि थोडं पाणी माझ्या पायाशी सांडलं. दर दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडते. या माळेवर माझा विश्वास आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. पहिल्या वर्षी मला त्या फुलांचं काहीच वाटलं नव्हतं. आता भाद्रपद संपला की मी वाट बघायला लागतो.

मी खूप काम केलं. सातबारे, रेशनकार्डं, शाळेचे दाखले, बैलांच्या विम्याचे कागद, काय विचारू नका. बारावीचा निकाल लागला की माझ्यापुढे रांग लागायची आणि नूतनताई कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारायच्या. मग दुकानात रंगीत प्रिंटर आला. तो आतल्या टेबलावर बसला आणि मी दाराशी धुळीत आलो. त्याच सुमाराला अंगठा उठवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शाईचा हात माझ्या काचेवर टेकवला. एक ठिपका उरला. "उद्या स्पिरिटनं पुसते," नूतनताई म्हणाल्या. त्या उद्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून माझ्यातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर, वर उजव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका येतो. सगळ्यांच्याच कागदावर येतो, हे लक्षात ठेवा.

आता भगवंतअण्णांची ओळख करून देतो. गावातलं जुनं, मातब्बर शेतकरी घर. बैलगाडा शर्यतीत अण्णांचा गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, उतरला की माणसं झाडावर चढून बघायची. हौशा नावाचा त्यांचा बैल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. अण्णा तसे मनाने वाईट नाहीत, पण एकदा बोलले की बोलले. दोन वर्षांपूर्वी उसाला पाणी देताना बिबट्याने त्यांच्या पत्नीवर, साळुबाईंवर, झडप घातली. त्या वाचल्या, पण खांद्यावर नखांचे चार ओरखडे राहिले आणि डावा हात अजून वर जात नाही. वनखात्याने पिंजरा लावला. एका सकाळी पिंजऱ्यातली शेळीच कुणीतरी सोडून नेलेली. कुणी नेली ते कळलं नाही. बाहेरून कामाला आलेल्यांपैकी, वाघाला देव मानणारं कुणीतरी असणार, असं मात्र सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं.

त्यातून गावाने एक समिती केली आणि समितीने एक फॉर्म काढला. गावात खोली घेऊन राहायचं असेल त्याने तो भरायचा. नाव, गाव, कुठला देव, काय खाता, सण कोणते. आणि शेवटचा प्रश्न: बिबट्याला किंवा वाघाला देव मानता काय? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. समितीचे प्रमुख अर्थातच भगवंतअण्णा. फॉर्मच्या शंभर प्रती मीच काढल्या. पाहुण्याला घरात घेताना चार गोष्टी विचारतात, हे मला पटतं. अण्णांची भीतीही खोटी नव्हती, तिचे ओरखडे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी त्या दिवशी माझ्यात तीनदा कागद अडकला.

पहिला फॉर्म भरला गोकुळने. तो पश्चिमेच्या डोंगरातला. घरची भातखाचरं चार महिने पुरतात, म्हणून त्याने इथल्या द्राक्षबागेत बारमाही काम धरलं होतं. बायको आणि सहावीतली लेक घेऊन तो उसाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. शेडला धड दार नव्हतं. नूतनताईंची दुकानामागची खोली रिकामी होती आणि त्या द्यायला तयार होत्या. अडलं होतं ते समितीच्या सहीवर. शाळा सुरू व्हायला वीस दिवस उरले होते.

गोकुळने शेवटच्या प्रश्नापाशी पेन थांबवलं. "नाही लिही की," नूतनताई हळूच म्हणाल्या.

"कसं लिवू, ताई? वाघबारशीला आमी वाघोबाला निवद दावतो. पोरीनं बी हात जोडल्यात. उद्या तिनं ह्यो कागद वाचला तर?" त्याने 'हो'वर खूण केली. मी प्रत काढली. गोकुळ सहीसाठी थांबून राहिला. संध्याकाळी अण्णा दुकानात आले आणि कागद उचलून नाकाशी धरला.

"ह्यो डाग कसला? साधा कागद बी निर्मळ ठिवता येत न्हाई ह्यांना."

"अण्णा, तो आमच्या मशीनचा आहे," नूतनताई म्हणाल्या.

अण्णांनी ते ऐकलंच नाही. ते शेवटच्या प्रश्नापाशी पोचले होते. "वाघाला पुजता तुमी?"

"व्हय, अण्णा. पर ते आसं हाय..."

"आसं न् तसं न्हाई. हो का न्हाई, येवढंच इचारलंय." त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. सही झाली नाही. गोकुळ परत शेडवर गेला आणि माझी ऊब त्या दिवशी फार वेळ गेली नाही.

आता दुसरा कागद. अण्णांचा मुलगा सूरज परदेशात नोकरीला आहे. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून त्याने आईवडिलांना तीन वर्षं राहायला बोलावलं होतं. अर्ज भरायला अण्णा आले ते कडक इस्त्रीचं धोतर नेसून आणि पिशवी घेऊन. पिशवीत शर्यतीची चौदा प्रशस्तिपत्रकं आणि हौशाचा गुलालात न्हालेला फोटो.

"हे बी जोडा, नूतन. माणूस कुठल्या घरातला हाय ते कळंल तिकडं."

मी प्रती काढल्या. हौशाच्या शिंगापाशी माझा ठिपका उमटला. "ऱ्हाऊ द्या," अण्णा हसून म्हणाले, "ठिपक्यानं का बैल लंगडा व्हतो?"

त्या देशात हल्ली येणाऱ्यांचे विचार आणि चालीरीती तपासतात. दहा दिवसांनी अण्णांना एक प्रश्नावली आली. आपण प्राण्यांना पळवण्याच्या खेळांत भाग घेता काय? अशा प्रथा आपल्याला योग्य वाटतात काय? पुढे दोन चौकटी. साळुबाई स्टुलावर बसल्या होत्या. नूतनताईंनी सूरजला फोन लावून आवाज मोठा केला.

"अण्णा, दोन्हीकडे नाही लिहा. मी सांगतो ना."

"न्हाई कसं लिवू? चौदा कागद म्याच धाडल्यात. आन् हौशाला म्या पोरावानी वाढवलाय. माझ्या आधी त्यो जेवतो. त्येंला सांग, ते आसं हाय..."

"अण्णा, तिथं सांगायला जागा नाही. हो किंवा नाही, एवढंच आहे."

साळुबाई जमिनीकडे बघत होत्या. तसंच बघत त्या म्हणाल्या, "त्या गोकुळला तरी तुमी बोलू दिलं व्हतं का?"

मित्रांनो, मी खोळंबलेलं मशीन पुष्कळ वेळा झालो आहे, पण खोळंबलेला माणूस इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. अण्णांनी पेन घेतलं, पहिल्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली, दुसऱ्यापुढेही केली आणि निघून गेले. साळुबाईंनी फोन उचलून सूरजला एवढंच विचारलं, "तिला डोहाळजेवणात काय काय केलं व्हतं रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गोकुळला घेऊन दुकानात आले. "हां, बोल आता," म्हणाले, "काय सांगत व्हतास."

गोकुळ आधी दचकला, मग बोलला. "निवद दावतो तो लाडानं न्हाई, अण्णा, भ्यानं. आमच्या वाटंला येऊ नगं, आमच्या गुरांवर डोळा ठिवू नगं, म्हणून. पिंजरा लावायला न्हाई कशाला म्हणू? माझी पोर त्या उसाच्या कडंला झोपती. आन् बोलू का? पिंजरा वड्याच्या वरल्या अंगाला हाय, पाऊलखुणा खालच्या अंगाला हायती."

"हे फॉर्मात कुठं लिवलं असतंस?" असं अण्णांनी विचारलं, पण ते स्वतःलाच विचारल्यासारखं. मग माझ्याच झाकणावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

प्रश्न काढून टाका, असं त्यांनी समितीत सांगून पाहिलं. बाकीचे ऐकेनात. तासभर आवाज चढले, आणि शेवटी प्रश्न राहिला, पण चौकटींखाली तीन ओळींची जागा आली: तुमचं म्हणणं सांगा. नव्या प्रतीही मीच काढल्या. पिंजरा ओढ्याच्या खालच्या अंगाला हलवला. बिबट्या सापडला की नाही ते मला ठाऊक नाही, तसा कागद अजून माझ्याकडे आलेला नाही.

परदेशाचं उत्तर मात्र आलं. दोघांचाही अर्ज नामंजूर. वर्षाने पुन्हा करता येईल. साळुबाईंनी तो कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. "म्या तर गाडा कधी जुपला बी न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कुणी काय इचारलंच न्हाई."

गेल्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी नातवाचा फोटो काढला, सूरजने टपालाने पाठवलेला. निरगुडसरच्या बहिणीला एक प्रत द्यायची होती. तिच्या हातात फोन टिकत नाही म्हणे. नूतनताईंनी फोटो काचेवर पालथा ठेवला. मी जिवाचं रान केलं, मित्रांनो. जेवढा उजेड माझ्यात उरला होता तेवढा त्या बाळावरून फिरवला. कागद बाहेर आला आणि बाळाच्या गालावर माझा काळा ठिपका.

नूतनताई ओशाळल्या. "काकू, थांबा, काच पुसते, दुसरी काढून देते."

"ऱ्हाऊ दे," साळुबाई म्हणाल्या. न वर जाणारा हात दुसऱ्या हाताने उचलून त्यांनी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. "माझ्या हातनं तीट लावायची ऱ्हायली व्हती. लागली बघ."

त्या गेल्यावर मी फार वेळ तापून राहिलो. तोच ठिपका गोकुळच्या कागदावर डाग होता, हौशाच्या शिंगापाशी काहीच नव्हता, आणि नातवाच्या गालावर तीट झाला. ठिपका माझ्या काचेवरचा होता, त्यांच्यापैकी कुणाचाच नव्हता.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. मला धुळीपासून जपा, अधूनमधून झाकण उघडा, मऊ कापडाने काच पुसा. आणि कुणाच्या कागदावर काळं दिसलं, तर त्याला बोलायच्या आधी एकदा वाकून काच बघा. दुकानामागच्या खोलीत गोकुळची लेक मोठ्याने धडा वाचते आहे. उद्या तिला दाखल्याची प्रत हवी आहे, आणि नूतनताई स्पिरिटची बाटली शोधताहेत.