तांदळझिऱ्याची उंच, प्राचीन, सतत पाझरणारी टाकी

नवीनचं लग्न एका पाण्याच्या टाकीमुळे अडलं आणि ती टाकी आजही उभी आहे. पण तांदळझिऱ्यात हा विषय कोणी काढत नाही. तेव्हा आपणही तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. टाकी पडणार होती, साखरपुडा ठरणार होता, आणि नवीन खुशीत होता.

रावेर तालुक्यातल्या या गावात केळीपेक्षा उंच अशी वस्तू एकच, ती टाकी. तिच्या पायांतल्या सळया बाहेर डोकावत होत्या. ती सातपुड्याकडे जराशी कलली होती. पाणी भरलं की ते नळाला जायच्या आधी टाकीच्या बुडातूनच खाली यायचं, त्यामुळे बाया हंडे घेऊन नळाऐवजी टाकीखाली उभ्या राहायच्या. सरकारनं ती पाडून त्याच जागेवर नवी मंजूर केली होती. पिंपळनेरच्या पुनाआबांनी आपली मुलगी डिंपल द्यायचं कबूल केलं होतं ते याच बोलीवर.

"पोरगा चांगला शे, बाग चांगली शे, बठ्ठं चांगलं शे," पुनाआबा म्हणाले होते. "पन मनी पोर डोकावर हंडा लिसन फिरनार नही. नवी टाकी होऊ द्या, मंग साखरपुडा."

"होते की आबा, पडलीच समजा," नवीनचे वडील चुडामण भाऊ म्हणाले होते.

डिंपल बीएस्सी झालेली, फोनवर मधूनमधून इंग्रजी बोलायची. तिच्यापुढे निदान 'हो' तरी इंग्रजीत म्हणता यावं म्हणून नवीननं रावेरला भूषण सरांचा इंग्रजीचा क्लास लावला होता. क्लास खतांच्या दुकानावर भरायचा, त्यामुळे तिथलं इंग्रजी नाकात जायचं.

त्या दिवशी सरांनी गृहपाठ दिला: एका प्रसिद्ध पर्यटनस्थळाचं वर्णन. अट अशी की वाक्य करायचं नाही. नुसत्या नामाला विशेषणं लावत जायची. आधी आपलं मत, मग आकार, मग वय, मग रंग, शेवटी वस्तू. क्रियापद दिसलं की मार्क कट.

नवीन पोचला तेव्हा ताजमहाल, कुतुबमिनार, अजिंठा सगळं वाटून झालं होतं. बागेत ट्रक भरायचा होता म्हणून त्याला उशीर झाला होता.

"सर, मला काय?"

"तुमच्या गावात काही उंच आहे?"

"टाकी आहे. पण ती प्रसिद्ध नाही."

"मग कर," सर म्हणाले आणि ताजमहालवाल्यांकडे वळले. तेवढे नऊ जण होते.

नवीनला इंग्रजी फार येत नव्हतं, पण वर्णन येत होतं. ते त्याच्या घरात चालत आलेलं. केळीचा व्यापारी बागेत आला की चुडामण भाऊ कसे बोलतात हे तो लहानपणापासून ऐकत होता. घडावर डाग असला तर "साखर उतरली". घड वाकडा असला तर "वजनानं झुकला". माल बारीक असला तर "नाजूक जात". बाहेरचा माणूस आपला माल बघायला उभा आहे आणि आपण त्याचं वाईट सांगतोय, हे तांदळझिऱ्यात कोणी केलेलं नाही.

नवीननं डिक्शनरी उघडली आणि तेच केलं. "अ ग्रेसफुल, टॉल, एन्शंट, रस्ट-कलर्ड, एंडलेसली वीपिंग टॉवर विथ अ जेंटल बो टू द सातपुडा माउंटन्स." म्हणजे एक डौलदार, उंच, प्राचीन, गंजाच्या रंगाचा, अखंड अश्रू ढाळणारा, सातपुड्याला हलकेच वंदन करणारा मनोरा.

सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि नवीनकडून टाकीचा फोटो मागून घेऊन दोन्ही मोबाइलच्या नकाशावर टाकलं, 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून.

पुढच्या रविवारी बऱ्हाणपूरचं एक कुटुंब आलं. त्यांनी चुडामण भाऊंना विचारलं, "वो रोनेवाला मिनार किधर है?" भाऊंनी त्यांना पाणी पाजलं आणि टाकीखाली नेलं. त्या घरातल्या आजी वर बघत राहिल्या, मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "कितना दर्द है." त्यांच्या कपाळावर एक थेंब पडला. त्यांनी तो पुसला नाही.

मग सुरतेची एक बस आली. मग एका शाळेची सहल. भेळेची गाडी लागली. मनोऱ्यासारखंच कलून फोटो काढायची पद्धत पडली. गावातल्या बायांना हंडा भरायला पर्यटकांच्या मागे रांगेत उभं राहावं लागायला लागलं, आणि हंडा भरतानाचे त्यांचेही फोटो निघायला लागले. नवीन रोज संध्याकाळी जाऊन टाकीकडे बघायचा. टाकी तीच होती. मग हे लोक काय बघत होते?

टाकी पाडायला ठेकेदाराचं मशीन आलं, तेव्हा एक नवरा-नवरी तिच्या पायाशी फोटो काढत होते. मशीनवाल्यानं हॉर्न वाजवला. फोटोवाल्यानं त्यालाच बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी जिल्ह्याहून कागद आला: सदर वास्तू पर्यटनस्थळ आहे की टाकी, याची चौकशी होईपर्यंत हात लावू नये.

त्या रात्री डिंपलचा फोन आला. "नवीन, तू माझ्या लग्नाच्या मध्ये मनोरा बांधलास?"

"मी नाही बांधला. मी फक्त विशेषणं लावली."

"खोटी?"

"एकही खोटं नाही गं! गंजलीय, गळतेय, कललीय. सगळं लिहिलंय. क्रियापद तेवढं नाही."

"मग चौकशीच्या दिवशी क्रियापद लाव," ती म्हणाली. "आबाही येणार आहेत. टाकी गळते. एवढं बोललास की झालं."

गावाची मारुतीच्या पारावर बैठक झाली. चुडामण भाऊंनी सगळ्यांना बजावलं, "साहेब येतीन. टाकीले जो चांगलं म्हणीन, त्याच्या घरी पाणी मागाले कोणी जाऊ नका."

"म्हणजे काय, त्याच्या घरी कुठी पाणी हाये?" पारावर बसलेला रुपचंद म्हणाला. पण ठराव झाला.

चौकशीला जिल्ह्याहून प्रेमराज साहेब आले. पुनाआबा आदल्या दिवसापासूनच आले होते. साहेबांनी टाकीला एक फेरी मारली. मान तिरकी करून वर पाहिलं. खांबाला अंगठा दाबला. मग ओठ मुडपून म्हणाले, "यात काही दम दिसत नाही."

गाव जिंकलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण अंगठा दाबून 'दम नाही' म्हणायची ती तऱ्हा थेट केळीच्या व्यापाऱ्याची होती, आणि चुडामण भाऊंच्या कानात काहीतरी तुटलं.

"दम नाही?" ते पुढे आले. "साहेब, सळई पाह्यली? आतून डोकावते. असा माल आता मिळत नाही!"

"पण कललीय."

"वजनानं झुकली!" रुपचंद ओरडला.

"गळतेही आहे."

"ते गोड पानी शे, साहेब!" हे पुनाआबा होते. सगळे त्यांच्याकडे वळले. पुनाआबाही क्षणभर गोंधळले, पण आता थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. "आमना पिंपळनेरले अशी एकबी टाकी नही! पोर देवाले मी काय उगाच तयार व्हयनू?"

साहेब भराभर लिहीत होते. मग त्यांनी पेन थांबवून नवीनला विचारलं, "मूळ वर्णन तुमचं ना? एकच सांगा. ही बघण्यासारखी आहे की नाही?"

समोर डिंपलचे वडील, खिशात चालू ठेवलेला फोन, फोनवर डिंपल. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. नवीननं तोंड उघडलं. साहेबांनी तेवढ्यात टाकीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि नाक किंचित उडवलं.

"डौलदार," नवीनच्या तोंडून निघालं. ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "उंच. प्राचीन..."

खिशातला फोन कट झाला.

टाकी पर्यटनस्थळ ठरली. पुनाआबांनी जाताना तिच्यासोबत एक फोटो काढला, कलून, आणि म्हणाले, "टाकी चांगली शे. पन बोली ती बोली. हाई पडी तव्हय साखरपुडा." आपण काय केलं हे नवीनला अजूनही कळलेलं नाही. डिंपलनं मात्र इंग्रजीत एकच शब्द पाठवला: "अप्लाय." म्हणजे अर्ज कर.

त्यानं केला. तो असा:

"मा. साहेब यांस, विनंती अर्ज करतो की, मौजे तांदळझिरे येथील डौलदार, उंच, प्राचीन, गंजवर्णी व अखंड पाझरणारी टाकी ही अजिबात बघण्यासारखी नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदारास लग्नकामी मिळावा. दाखला देण्यापूर्वी साहेबांनी टाकी समक्ष पाहू नये, व पाहिल्यास नाक उडवू नये, ही नम्र विनंती."