काळी करणी, लाल कटलेट

आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या वर्षी चंदनसारच्या टेकडीखाली दर रविवारी जत्राच भरू लागली. विरारच्या चाळींतले नोकरदार, अर्नाळ्याचे कोळी, चर्चमधली मिस्सा संपताच फादरांची नजर चुकवून आलेले वसईचे वाडीवाले, सगळे एका मांडवात पोटावर हात ठेवून बसत. समोर जठरनाथ महाराज. "अन्न अडत नाही, बाळांनो, करणी अडते," असं ते आसनावरून गरजत. मग पोटावरून मोरपीस फिरे, अंगाऱ्याची पुडी हातात पडे, आणि ती पाण्यातून घेतली की दुसऱ्या सकाळी अडलेली करणी बाहेर. काळीकुट्ट. ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. असा चमत्कार नाकारणार कोण?

कार्मिनबाई नाकारत होत्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत, आणि त्यांचे सासरे, सॅन्टन, या महाराजांचे भक्त झाले होते. वाडीचं काम मुलावर सोपवल्यापासून सॅन्टन ओट्यावरची खुर्ची सोडत नसत. सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि सुकट, संध्याकाळी पुन्हा चहा-पाव. पालेभाजीला ते गुरांचं खाणं म्हणत. दारात केळीची बाग, पण विकायच्या मालाला घरच्यांनी हात लावायचा नाही, हा नियम त्यांचाच. अशा पोटाने संप पुकारला यात नवल नव्हतं. अंगाऱ्याने तो मिटला आणि सॅन्टन जाऊन पडले ते महाराजांच्या झोळीत.

इथवर कार्मिनबाईंना हसूच येत होतं. पण एका रविवारी महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, की करणी करणारी बाई खाऱ्या हाताची आहे आणि टोपली घेऊन दारात येते. सॅन्टनना लगेच कमळी आठवली. अर्नाळ्याची ही विधवा कोळीण वर्षानुवर्षं त्यांच्याकडे मासळी घालत होती. त्यांनी तिला ओट्यावरूनच हाकललं. गोष्ट गावभर झाली, आणि कमळीची टोपली जशी यायची तशीच भरलेली परत जाऊ लागली.

एक दिवस ती मागच्या दाराने कार्मिनबाईंकडे आली. "बाय, कोनाच्या पोटान काय हाय, ते मना कसं ठावं?" एवढंच म्हणाली आणि टोपलीवरचं फडकं उगाच नीट करत राहिली.

कार्मिनबाईंचं हसू तिथेच मावळलं. सासऱ्यांच्या पुडीतला अंगारा त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत गाळून पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, की यात नुसता कोळसा आणि सोनामुखीचा पाला आहे.

सॅन्टननी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "चमचाभर अंगाऱ्याने सगळं काळं होतं होय? माझ्या पोटात काय कोळशाची वखार आहे?"

बोलून उपयोग नव्हता. तेव्हा कार्मिनबाईंनी महाराजांनाच गुरुवारी जेवायला बोलावलं. सून वळली म्हणून सॅन्टन हरखले. बाईंनी भरपूर बीट किसून, त्यात नावाला बटाटा घालून, वर रवा लावून खमंग कटलेट तळले. महाराजांनी ताट पुसून खाल्लं आणि उरलेले कटलेट शिष्याच्या पिशवीत घालायला लावले.

रविवारी महाराज मांडवात उशिरा आले. चेहरा उतरलेला, आवाजात ती गर्जना नाही. कार्मिनबाई दिसताच त्यांनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाई, गुरुवारी जेवणात काय होतं?"

बाईंनी मात्र वर्गातला आवाज लावला. "बीट होतं, महाराज. का, लाल झालं?"

क्षणभर कुणाला उमगेना. मग मागे बसलेली एक कोळीण फसकन हसली, आणि हसू रांगारांगांतून पुढे येत गेलं. ही आपल्या तपाची उष्णता आहे, असं महाराज घाईघाईने सांगू लागले.

"म्हणजे तुमच्यावरही करणी झाली," बाई म्हणाल्या. "ती मीच केली. किसणीने."

हसणं ओसरायच्या आत त्यांनी एक पुडी ग्लासभर पाण्यात ढवळली आणि पांढऱ्या रुमालातून गाळली. रुमालावर काळा थर बसला, त्यात पानांचे तुकडे. ग्लासात उतरलं तपकिरी पाणी. "बीटाने लाल होतं, कोळशाने काळं. पोट साफ केलं सोनामुखीने, नाव झालं मोरपिसाचं." शिष्य सतरंजी गुंडाळू लागले. महाराजांनी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि मागच्या वाटेने गेले, ते परत आलेच नाहीत.

मांडवात सॅन्टनही होते. दुसऱ्या दिवशी कमळी रस्त्याने जाताना दिसली, तसे ते खुर्चीतून उठून फाटकापर्यंत चालत गेले. "कमळे, चुकलं माझं," ते म्हणाले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. कमळीने टोपली उतरवली. माशांबरोबर भाजीही खा, एवढं सुनावूनच तिने त्यांना बोंबील दिले. सॅन्टन त्यानंतर भाजी खाऊ लागले. पाणी भरपूर पिऊ लागले, वाडीत फेऱ्या मारू लागले, आणि घडातली पिकली केळी पहिल्यांदाच घरात आली. पोट हळूहळू रुळावर आलं, एका रात्रीत नाही.

पोटाचं गाऱ्हाणं डॉक्टरांना सांगायची आपल्याला लाज वाटते आणि मांडवात सांगायची वाटत नाही, इथेच अशा महाराजांचं फावतं. रोज रेच घेऊन आतडी आळशी करू नका. कोळसा किंवा लोहाच्या गोळ्या पोटात गेल्या नसताना शौचाला काळं झालं, किंवा बीटासारखं काही न खाता लाल दिसलं, तर थेट दवाखाना गाठा. एरवी पोटातून काय निघालं याचं नवल करण्याआधी त्यात काय घातलं होतं, ते आठवा. आणि औषधाच्या पुडीबरोबर कुणी शेजारणीचं नाव सांगू लागला, तर पुडी तिथेच ठेवून उठा.