ज्याच्या घरी भेट

ऑफिसात मधलीला सगळे ‘ठरवाठरवीवाल्या बाई’ म्हणायचे. त्यांच्या कंपनीच्या निरोपांच्या ॲपवर ग्रुपनं एक साधी भेट ठरवायची तर किती डोकेफोड होते, ती कमी करायची, एवढंच तिचं काम. कुणी म्हणतं शनिवार, कुणी म्हणतं ‘बघू’, कुणी मध्येच मांजराचा व्हिडिओ टाकतं, आणि बेत बारगळतो. मधलीनं ते सुटसुटीत केलं होतं. एकानं बेत मांडायचा, बाकीच्यांनी आपापले मोकळे दिवस बोटानं रंगवायचे, जुळणारा दिवस ॲप शोधणार.

जगाचे बेत जुळवणाऱ्या या बाईच्या घरचा बेत मात्र कित्येक वर्षं लोंबकळत पडला होता. दादा एका टोकाला, धाकटी चिंगी दुसऱ्या टोकाला, मधली नावाप्रमाणेच मध्ये, आणि आई जुन्या घरी एकटी. तिघंही आईकडे जायची, पण वेगवेगळी. दादानं बॅग उचलली की चिंगी पोचायची. तिघं एकाच वेळी आईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी आहेत, एकमेकांच्या ताटातलं पळवतायत, असं शेवटचं कधी झालं ते आठवायला बसलं तर त्यावरूनच भांडण व्हायचं. मधलीला त्या ओट्याची आस लागली होती. लिफ्टमध्ये दोन भावंडं भांडताना दिसली तरी ती आपला मजला विसरून बघत राहायची, आणि वर स्वतःलाच हसायची.

नवी सोय लोकांच्या हाती देण्याआधी प्रत्येकानं ती आपल्या घरी वापरून बघायची, असा ऑफिसचा दंडक होता. मधलीनं घरचा ग्रुप उघडला आणि बेत मांडला. भेट आईकडे. यजमान आई.

यजमानाला दिवस विचारायचा नाही, ही तिचीच कल्पना. भेट ज्याच्या घरी, तो माणूस घरी असणारच; तेवढाच एक प्रश्न कमी. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. साहेब तर “झकास” म्हणाले होते, आणि एरवी साहेबांच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे महाकर्मकठीण.

जेवणाच्या सुट्टीआधीच ॲपनं निकाल लावला. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार. येत्या सहा महिन्यांत तिघांना जमणारा तेवढा एकच दिवस होता.

‘मधले, मानलं तुला!’ दादानं लिहिलं.

‘ताई, ओट्याजवळची जागा माझी. दादाला दारातलं स्टूल,’ चिंगीनं लिहिलं. आईनं नुसता अंगठा पाठवला.

मधलीला राहवेना. जिन्यात जाऊन तिनं आईला फोन लावला.

“आई, पाहिलंस? ठरलं एकदाचं!”

“पाहिलं गं. या, या. मी करते सगळी तयारी.” मग जरा थांबून आई म्हणाली, “त्यांना तेवढं कळवते आता.”

“कुणाला?”

“माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना. समुद्रावर जायचं चाललं होतं आमचं, तोच आठवडा. त्यांचंही कधीपासून जमत नव्हतं बघ. जातील त्या माझ्याशिवाय.”

“अगं, मग तू का रद्द करतेस?”

“नेहमी करते की. तुम्ही येणार म्हटलं की काहीतरी असतंच माझं. त्यात काय एवढं? तुम्ही येता तेच पुष्कळ.”

आईच्या आवाजात कुरकुर नव्हती. असती तर मधलीला सोपं गेलं असतं.

‘बरं, कर रद्द,’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. खोटं कशाला बोला. इतकी वर्षं ज्यासाठी ती झुरली, तो दिवस आयता हातात आला होता. आई हसतमुखानं घरी राहिली असती, दादाला आणि चिंगीला पत्ताही लागला नसता. पण तो ‘नेहमी’ काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

“आई, तू समुद्रावर जा,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही?”

“आमचं बघतो आम्ही.”

फोन ठेवून ती तिथेच पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. तिला घरी जायचं होतं, फार जायचं होतं. मग डोळे पुसून तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘त्या रविवारी आईला जमत नाही.’

‘आईला जमत नाही म्हणजे?’ दादानं विचारलं.

‘ताई, आई घरीच असते ना?’ चिंगीनं विचारलं.

मधलीनं दोघांवर चिडायचा प्रयत्न केला, पण चिडणार कुठल्या तोंडानं? हेच तर तिनं ॲपमध्ये घालून ठेवलं होतं. तिनं बेत पुसून टाकला आणि साध्या निरोपात लिहिलं, ‘आई, आम्ही तिघं तुझ्याकडे यायचं म्हणतोय. तुला कधी जमेल?’

‘आई टाइप करत आहे’ अशी ओळ उमटली. गेली. पुन्हा उमटली, पुन्हा गेली.

मग आईचं उत्तर आलं.

‘हे मला विचारलंयस का?’